कुरुंदवाडचं पोर

परवा पंचगंगेच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली. पुढं ट्रॅक्टर, मागं एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर बांधलेली गाणी लावायची पेटी. गाणं इतकं मोठ्यानं लागलं होतं की ड्रायव्हरला मागच्यांचे हॉर्न ऐकूच येत नव्हते. रिक्षावाला काच नसलेल्या बाजूनं बाहेर वाकून बघत म्हणाला, "झाला बगा हंगाम सुरू. आता चार-पाच म्हयनं ह्येच." तुटलेल्या वाढ्यांचा, उसाच्या शेंड्यांचा, हिरवा, ओलसर वास आत आला आणि मी पदर नाकाशी धरला. रिक्षावाल्याला वाटलं असेल, बाईंना धूळ सोसत नाही.

आमच्याकडे हंगाम म्हटलं की कुठला, असं कुणी विचारत नाही. कारखान्यांचे बॉयलर पेटतात, तोडणीच्या टोळ्या येतात, रानात काळ्या ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहतात. तोडलेल्या सऱ्यांत बगळे उतरतात आणि माणसं दोन हातांवर असली तरी निवांत चालत राहतात. पाचट पेटवलं की संध्याकाळच्या उजेडात काळी कुसळं तरंगत येतात आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. लहानपणी हा सगळा काळ मला फार आवडायचा. गुऱ्हाळावरची गरम काकवी, भाकरीवर पसरलेली, आणि वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर बसून केलेला परतीचा प्रवास. आता मात्र हंगाम सुरू झाला की मला कुरुंदवाडला जावं लागतं. यंदा मी कितीतरी दिवस ते पुढं ढकलत होते.

निवृत्त होऊन मी इथं परत आले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, नोकरी नेमकी कसली होती. परदेशातून येणारे आणि परदेशी जाणारे प्राणी, पक्षी, कातडी, शिंपले, हाडं, लाकूड, यांतलं काय कायद्यात बसतं आणि काय नाही, हे तपासणाऱ्या निरीक्षकांवर मी देखरेख करायची, असं मी सांगितलं. काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजे कुत्र्यामांजराची लायसनं?" मी हो म्हटलं. तसं ते फार चूक नव्हतं. परदेशातून मालकाबरोबर येणारं कुत्रंही आमच्या हाताखालून जायचं.

पण बहुतेक दिवस वेगळे असायचे. मुंबईत, विमानांच्या मालाच्या गोदामाशेजारी, आमची एक लांबट खोली होती. एका खिडकीला एसी, दुसरीला पुठ्ठा. टेबलावर कधी मोरपिसांचे गठ्ठे, कधी मुंगसाच्या केसांचे रंगाचे ब्रश, कधी सापाच्या कातड्याचा म्हणून आणलेला आणि प्रत्यक्षात शेळीच्या कातड्यावर छाप मारलेला पट्टा. निरीक्षक बघायचे, वास घ्यायचे, भिंगाखाली धरायचे आणि मग माझ्याकडे यायचे. शेवटची सही माझी. सोडायचं की अडवायचं, हे मला ठरवावं लागायचं. पोरं सगळी तिशीच्या आतबाहेरची, वेगवेगळ्या जिल्ह्यांतली. त्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या, त्यांची भांडणं, त्यांच्या घरच्या आजारपणाच्या रजा, सगळं माझ्याच टेबलावर यायचं. मला मूलबाळ नाही. त्याचं दुःख करावं इतका वेळ त्या खोलीनं मला कधी दिला नाही.

दत्ता माने त्या खोलीत आला तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं की हा आपल्याकडचा. एका गबरगंड प्रवाशाची बॅग टेबलावर आली होती. प्रवासी इंग्रजीत चढ्या आवाजात बोलत होता. दत्तानं त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हय की, पावणं. आता बॅग उगडा." मी आत बसले होते, मला हसू आवरेना. संध्याकाळी त्याला बोलावून विचारलं, गाव कुठलं. कुरुंदवाड, म्हणाला. मी म्हटलं, मी मंगळवार पेठेतली. तेव्हापासून माझ्याशी बोलताना त्याचं प्रमाण मराठी हळूहळू सुटत गेलं. चारचौघांत "मॅडम", आणि दोघंच असलो की "म्याडम, जेवलासा का न्हाय?"

त्याच्या घरी नदीकाठची थोडी जमीन, सगळा ऊस. वडिलांना तो आप्पा म्हणायचा आणि आईला अव्वा, कारण तिचं माहेर चिकोडीकडचं आणि घरात तिची अर्धी भाषा कानडी. पूर आला की कृष्णा आणि पंचगंगा त्यांच्या रानात एकमेकींना भेटायच्या, आणि पाणी ओसरलं की घरात, गोठ्यात, भांड्यांच्या फळीवर साप निघायचे. लहानपणापासून ही सवय असल्यामुळं तो सापांना भीत नव्हता, आणि त्यांच्याशी मस्तीही करत नव्हता. नव्या निरीक्षकांना उघड्या बॅगेपुढं उभं करून तोच शिकवायचा. हात आत घालायचा नाही. आधी साप उचलायची आकडी, मग लांब चिमटा, आणि शक्यतो सगळी बॅग मोठ्या टबात उलटी करायची. ही पद्धत मी घालून दिली होती, पण ती माझ्यापेक्षा दत्ता जास्त काटेकोरपणे पाळून घ्यायचा. नीलम नावाची नवी मुलगी एकदा घाईनं वाकली तर त्यानं तिचं मनगट धरून मागं ओढलं होतं आणि दिवसभर तिच्याशी बोलला नव्हता.

हंगामात गावी जाऊन आला की वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुळाची ढेप माझ्या टेबलावर ठेवायचा. त्या खोलीला फिनेलचा, सुकटीचा आणि विमानाच्या इंधनाचा वास असायचा. ढेप उघडली की तेवढ्यापुरतं कोल्हापूर यायचं. सगळे येऊन एकेक खडा तोंडात टाकायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

त्या वर्षी ढेप आली नव्हती. तो गावी जायचा होता. ऊस गेला की लग्नाचं बघायचं, असं आप्पांनी ठरवलं होतं, मुलगी जयसिंगपूरची होती. त्यानं मला फोटो दाखवला होता आणि मी तो बघून परत देईपर्यंत खिडकीच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला होता.

ती हिवाळ्यातली सकाळ होती. पूर्वेकडच्या एका देशातून आलेल्या विमानातल्या प्रवाशाची चाकांची बॅग यंत्रातून जाताना पडद्यावर आत काहीतरी हललं. तपासणीवाल्यांनी ती आमच्याकडे आणली. अलीकडे अशा बॅगा फार येऊ लागल्या होत्या. इथल्या हौशी श्रीमंतांना घरात पाळायला रानातली परदेशी जनावरं हवी असतात, आणि ती आणणारे लोक त्यांना कपड्यांच्या घड्यांत, चॉकलेटच्या डब्यांत भरून आणतात. निम्मी वाटेत मरतात. उरलेल्या निम्म्यांत सगळा खर्च वसूल होतो.

मी दारात उभी होते. दत्ता आणि नीलम टेबलाशी. बॅग उघडली. वर टॉवेल, त्याखाली डबे, मधे फडक्यात बांधलेल्या पुरचुंड्या. पुरचुंड्या हलत होत्या, म्हणजे साप. दत्तानं नीलमला मागं व्हायला सांगितलं आणि चिमटा मागवला. पुरचुंड्यांच्या खाली प्लॅस्टिकची एक चपटी टोपली होती. तिच्या झाकणाच्या भोकांतून आत दोन पिल्लं दिसत होती, गिबनची. गिबन म्हणजे शेपूट नसलेलं, लांब हातांचं वानर. त्याचं पिल्लू जन्मल्यापासून कितीतरी महिने आईच्या पोटाला चिकटून असतं, क्षणभरही सुटत नाही. एक पिल्लू मेलेलं होतं. दुसरं त्याला मिठी मारून होतं. त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावलेली होती, आवाज होऊ नये म्हणून. पट्टी सरकून नाकावर आली होती. त्याची छाती आत ओढली जात होती आणि वर येत नव्हती. एक हात झाकणाच्या भोकातून बाहेर आला होता आणि बोटं उघडमिट करत होती.

चिमटा शेजारच्या खोलीतून यायचा होता. तो घेऊन येणाऱ्याची पावलं मला ऐकू येत होती. तेवढ्यात ती बोटं उघडी राहिली, मिटली नाहीत. आणि दत्तानं हात घातला.

टोपली बाहेर आली. त्यानं झाकण तोडलं, पिल्लाच्या तोंडावरची पट्टी ओढून काढली, त्याला उलटं करून पाठीवर थापट्या मारल्या. पिल्लानं श्वास घेतला. बारीक, चिरका आवाज काढला. दत्तानं ते नीलमच्या हातात दिलं, बॅगेचं झाकण बंद केलं, आणि मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "म्याडम, चावलं."

एका पुरचुंडीची गाठ सैल झाली होती. त्याच्या मनगटावर दोन ठिपके होते.

आपल्याकडच्या झाडीत हिरवा चापडा नावाचा विषारी साप असतो, त्याचाच हा दूरदेशीचा भाऊबंद. आपल्याकडं सर्पदंशावर जी लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरशासाठी. या सापाच्या विषावर ती चालत नाही. हे मला ठाऊक होतं आणि दत्तालाही ठाऊक होतं. गाडीत तो माझ्या शेजारी हात खाली सोडून बसला होता. मी फोनवर फोन करत होते. तो म्हणाला, "अव्वाला सांगू नगा. आप्पाला सांगा." मग थोड्या वेळानं, "त्ये पोर बगा जरा. नीलमला दूद कसं पाजायचं म्हाईत न्हाय."

दवाखान्यात पहिल्या दिवशी तो बोलत होता. हात खांद्यापर्यंत सुजला होता, तरी डॉक्टरांना सांगत होता की पुराच्या वर्षी आमच्या चुलीत घोणस बसली होती. मी पिल्लाचं सांगितलं. एका पशुवैद्यांनी त्याला ताब्यात घेतलं होतं, टॉवेलची गुंडाळी दिली होती, त्या गुंडाळीला ते चिकटून बसलं होतं. ऐकून त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "बास की मग." दुसऱ्या दिवसापासून हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. नंतर तो बोलला नाही.

आप्पा आले तेव्हा त्यांच्या धोतराच्या काठाला रानातली माती होती. फडात टोळी लागलेली असताना, ऊस अर्धा तुटलेला असताना ते तसेच निघून आले होते. उंच, काटक माणूस. कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर ताठ बसून राहिले. चहा दिला तर घेतला, जेवण दिलं तर खाल्लं, आणि प्रत्येक वेळी "बरं" एवढंच म्हणाले.

त्या सापावरचा उतारा दुसऱ्या एका देशातल्या संस्थेत होता. त्यांनी तो पाठवला. विमान उतरलं तेव्हा माझी पोरं धावपट्टीच्या कडेला उभी होती. परदेशातून येणाऱ्या मालाची एरवी तासन् तास उलटसुलट तपासणी करणारी ती पोरं, त्यांनी ते छोटं खोकं विमानाच्या पोटातून जवळजवळ हिसकावून घेतलं. कागद मी चालत्या गाडीत गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. आम्ही दवाखान्याच्या जिन्यावर पोचलो तेव्हा आप्पा खाली उतरत होते. त्यांनी माझ्या हातातल्या खोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता, बाई."

त्याला घेऊन आम्ही कुरुंदवाडला निघालो. शिरोळच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, कारखान्याच्या काट्यापर्यंत. शववाहिका बघून एकेका ड्रायव्हरनं गाणी बंद केली. रस्त्याभर सगळीकडे नुसता तो वास, तुटलेल्या उसाचा. माझ्या नाकातून तो तेव्हापासून गेला नाही.

दिल्लीहून विचारणा आली होती. नियम मोडला गेला का, एवढंच त्यांना हवं होतं. मी लिहिलं की हात घातला, आणि का घातला तेही लिहिलं. का घातला हे लिहायला जागा नव्हती, म्हणून पानाच्या मागं लिहिलं.

पण हाच प्रश्न आप्पांनी मला तेराव्याला विचारला. मांडवात पंगती उठल्या होत्या. आप्पा मला बाजूला घेऊन गेले, गोठ्याशी. त्यांच्या तोंडून तोवर मी सलग दोन वाक्यं ऐकली नव्हती. ते म्हणाले की दत्ता दीड हाताचा असल्यापासून त्यांनी त्याला एकच शिकवलं होतं. पाचटात, बिळात, लाकडाच्या ढिगात न बघता हात घालायचा नाही. आयुष्यात त्यानं कधी घातला नाही. मग त्यांनी विचारलं, "बाई, माजं पोर येडं न्हवतं. त्येनं हात का घातला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. टोपलीतलं पिल्लू, तोंडावरची पट्टी, उघडमिट करणारी बोटं. चिमटा येत होता, पण ती बोटं थांबली होती.

आप्पा ऐकत राहिले. गाय त्यांच्या कोपराला चाटत होती. त्यांनी विचारलं, "जगलं का त्ये?"

"जगलं," मी म्हणाले.

"मला दावा एकदा."

नियमानं ते पिल्लू आमच्याकडं राहणार नव्हतं. परदेशातून चोरून आणलेलं जनावर ज्या देशातून आलं तिथं परत पाठवायचं असतं, रोग पसरू नयेत म्हणून, आणि त्याचं रान तिकडं असतं म्हणून. परतीचं विमान ठरलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पा आणि अव्वा मुंबईला आले. अव्वाला मी पहिल्यांदा नीट बघितलं ते तेव्हा. बुटकी, काळीसावळी बाई, मनगटात हिरवा चुडा. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ती मला म्हणाली, "केळी आणल्यात. खातंय न्हवं केळ?"

पिल्लू जाळीच्या आड होतं. आत जायची परवानगी कुणालाच नव्हती, मलाही नाही. नीलमनं हातमोजे घालून केळ्याचा बारीक तुकडा आत दिला. पिल्लानं टॉवेलची गुंडाळी एका हातानं तशीच धरून ठेवली आणि दुसऱ्या हातानं तुकडा घेतला. त्याचे डोळे काळे, गोल, आणि भोवती पांढऱ्या केसांची कड. त्यानं सगळ्यांकडं बघितलं. अव्वाकडं बघितलं तसंच भिंतीकडंही बघितलं.

अव्वा जाळीपासून हातभर अंतरावर उभी होती. ती आप्पांना हळूच म्हणाली, "त्येला ठावं बी न्हाय." मग तिनं मला विचारलं, ह्याची आई कुठं हाय.

खोटं सांगता आलं असतं. पण त्या बाईपुढं उभं राहून खोटं बोलायला जीभ उचलेना. मी सांगितलं की गिबनची आई पिल्लू सोडत नाही. पिल्लू पळवायचं तर आधी तिला झाडावरून गोळी घालून पाडतात.

अव्वानं पदराचं टोक तोंडात धरलं. मग ते काढलं आणि म्हणाली, "म्हंजी तिकडं ह्येची आई गेली, आन् हिकडं माजा ल्योक." एवढं बोलून ती खाली फरशीवर बसली, आणि तिथं, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं रडली. जाळीच्या आत पिल्लू घाबरलं आणि गुंडाळीत तोंड खुपसून बसलं. ते बघून तिनं आपला आवाज आवरला. तोंडावर हात दाबून, नुसती हलत राहिली, पिल्लू घाबरू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी लाकडी पेटी विमानात चढवली. माझे सगळे निरीक्षक, सुट्टीवर होते तेसुद्धा, गोदामाच्या दारापाशी आले होते. परत पाठवण्याच्या कागदावर माझी सही होती. आयुष्यात हजारो सह्या केल्या, त्यातली बहुतेक आठवत नाहीत. ही करताना पेन दोनदा कोरडं चाललं.

तिकडच्या केंद्रातली एक डॉक्टरीण नीलमच्या ओळखीची झाली. पिल्लू मादी आहे, तिला दुसऱ्या एका अनाथ पिल्लाबरोबर ठेवलं आहे, आता ती गुंडाळी सोडून दोरीला लटकते, असं ती कळवायची. फोटो पाठवायची. मी निवृत्त झाले, कोल्हापुरात आले, पण नीलम ते फोटो मला पाठवत राहिली. दर हंगामात मी शाहूपुरीतल्या दुकानातून एक फोटो छापून घ्यायची आणि कुरुंदवाडला घेऊन जायची. पोचले की आप्पा पाणी द्यायच्या आधी विचारायचे, "आमचं पोर कसं हाय?" बाहेरच्या सोप्यातल्या भिंतीवर दत्ताचा हार घातलेला फोटो होता. त्याच्या शेजारी ते फोटो लागत गेले. पहिल्यात ती मुठीएवढी. मग झाडाच्या फांदीवर. मग दुसऱ्या एका गिबनच्या खांद्यावर हात टाकून बसलेली. येणारा-जाणारा विचारायचा, ही कोण वानरं. आप्पा सांगायचे नाहीत. अव्वा सांगायची, "आमच्यातली हाय."

नदीकाठचं ते रान आता आप्पा एकटेच बघतात. ऊस जातो, पुन्हा लावतात. जयसिंगपूरच्या त्या मुलीचं लग्न झालं, तिला मुलगा झाला. अव्वा त्या बारशाला गेली होती. हे तिनं मला अगदी सहज सांगितलं, शेंगा फोडता फोडता.

यंदा नीलमचा फोन आला तो दिवाळी सरतासरता. तिचा आवाज ऐकूनच मी खुर्चीत बसले. केंद्रात तापाची साथ आली होती. काही गिबन वाचले. ती वाचली नाही. नीलम आता स्वतः त्या खोलीत निरीक्षकांवर देखरेख करते. रडू आवरून ती मला म्हणाली की मॅडम, नका सांगू त्यांना, जुनाच एखादा फोटो पाठवते, मागच्या वर्षीचा, वेगळ्या बाजूनं काढलेला. त्यांना कळणार नाही.

खरंच कळलं नसतं. मी कितीतरी दिवस त्याचाच विचार केला. आप्पा सत्तरीच्या पुढं गेलेत, अव्वाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. अजून काही हंगाम तो फोटो भिंतीवर लागला असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पुलावर त्या ट्रॉल्या निघून गेल्या, रिक्षा पुढं सरकली, घर आलं, तरी माझं ठरत नव्हतं. पण मी आयुष्यभर जे काम केलं ते एवढंच होतं. पेटीवर एक लिहिलेलं असतं आणि आत दुसरंच असतं, ते उघडून बघायचं, आणि आत आहे ते सांगायचं. आणि त्या दोघांशी मी एकदाही खोटं बोलले नव्हते, जाळीपुढंसुद्धा नाही. आता बोलले असते तर आधीची सगळी खरी वाक्यंही खोटी झाली असती.

काल मी गेले. फोटो न घेता गेले.

त्यांच्या रानात टोळी लागलेली होती. कोयत्यांचे आवाज घरापर्यंत येत होते. अव्वा अंगणात उन्हाला बसून तूर पाखडत होती. तिनं मला बघितलं, सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या हातांकडं बघितलं. मी म्हटलं, आप्पांना येऊ दे. मग आम्ही दोघी बसून राहिलो. आप्पा आले, चपला काढल्या, पोर कसं हाय, असं या वेळी विचारलं नाही.

मी सांगितलं. ताप आला, डॉक्टरांनी खूप केलं, दोन दिवसांत गेली. शेवटी एकटी नव्हती, तिच्याबरोबरची गिबन तिच्या जवळ बसून होती, असं तिकडून कळवलं आहे.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कुडाच्या पलीकडं कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, तो लागत नव्हता. आप्पा म्हणाले, "वर्सं तरी मिळाली तिला. दत्त्यानं दिलेली."

अव्वा उठली. मला वाटलं आत जाऊन रडेल. ती परसात गेली, हौदातून घागर भरून घेतली, न्हाणीच्या दगडावर बसली आणि अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. घरातलं माणूस दूरगावी वारल्याची खबर आली की घ्यायचं असतं, तसं. ती उठल्यावर आप्पांनी सदरा काढला, तिच्यामागून जाऊन तेही त्याच दगडावर बसले. दोघांपैकी कुणीही एकमेकांना काही सांगितलं नव्हतं.

मी सोप्याच्या पायरीशी उभी होते. ओल्या लुगड्यानं अव्वा माझ्याकडं आली. तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिनं माझं मनगट धरलं.

"तुमी बी घ्या पाणी, बाई," ती म्हणाली. "तुमचं बी हुतंच की त्ये."

तिनं मला न्हाणीत नेलं, दांडीवर तिचं एक धुतलेलं लुगडं माझ्यासाठी टाकलं, आणि मी दगडावर बसल्यावर पहिला तांब्या स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर ओतला. हौदाचं पाणी, गार. माझा श्वास अडकला. तिनं दुसरा तांब्या भरला आणि मी पुन्हा श्वास घेईपर्यंत तो तसाच धरून थांबली.